टाकी लांबुळकी का झाली

जमीन हलली आणि टाकी तपासायला आलेले साहेब मापपट्टीसकट माझ्या सासूच्या मांडीवर पडले.

टाकी म्हणजे जाड पत्र्याचा आडवा ठेवलेला नळा, माणूस आत बसेल एवढा. दोन्हीकडची झाकणं बसायची होती. लातुरात तेव्हा क्लासला बाहेरगावची पोरं येऊ लागली होती. त्यांच्या मेसमध्ये वाफेवर भात शिजवायला ही टाकी आमच्या शेडात बनत होती. वाफेची टाकी गोलच लागते. लांबुळकी असली तर वाफेचा जोर एकाच जागी येतो आणि ती फुटते. चार फुटाला करंगळीच्या जाडीएवढा फरक चालतो, त्यापुढं नापास. आमचा सगळा पैसा हिच्यात घातलेला; ही नापास झाली तर शेड बंद करून आम्हाला गावी जावं लागणार होतं. निलंग्याकडच्या त्या गावी आता घर नव्हतं. भूकंपात पडलं होतं.

म्हणून तर सासू आमच्याकडं आल्या होत्या. छताखाली झोपायचं नाव काढीनात. शेड बघून नाक मुरडलं आणि सरळ टाकीत अंथरूण टाकलं. "वरून धोंडा पडला तर टण्ण करून खाली जाईल," म्हणाल्या. पण आत लोखंडाचे आडवे-उभे टेकू मारलेले. वेल्डिंग थंड होताना पत्र्याला ओढतं, तेव्हा आकार जाऊ नये म्हणून. त्यात सासूचे पाय अडकायचे.

"लेका, ह्ये काढ."

"आई, टाकी वाकडी होईल."

"होऊ दे. माझी कंबर वाकडी झाली त्येचं काय?"

आमच्या मालकांनी टेकू कापले. गड्यांवर ओरडणारा माणूस, आईपुढं मांजर. मग लांबीचा जोड वेल्डिंगनं भरला, तो थंड झाला आणि टाकीचा बटाटा झाला. झाकण लावून बघितलं तर एका अंगाला बोटं जातील एवढी फट.

साहेब नांदेडहून आले, तेव्हा सासू आतच.

"मोजा की तुमी. मी काय टाकी खाऊन राहिले का?"

साहेब आत वाकून त्यांच्या भोवतीनं माप घेत होते, तेवढ्यात हादरा बसला. बारके हादरे तेव्हा चालूच होते. साहेबांना मात्र सवय नव्हती.

हादरा थांबल्यावर सासू म्हणाल्या, "सायेब, टेकू असते तर तुमी मावले असते का?"

"नसतो मावलो, आजी."

"मंग करा पास."

"न्हाई जमत आजी. लई लांबुळकी हाय." एवढं मांडीवरूनच सांगितलं. मग उठून मालकांना म्हणाले, "आतून जॅक लावा, गोल करा. मी परत येतो."

जॅक लावायचा तर सासूला बाहेर काढणं आलं. मालक जॅक शोधायला निघून गेले. मीच अंथरूण ओढलं आणि जाड लोखंडी टेबलाखाली टाकलं.

"आत्याबाई, इथं झोपा. न्हाई तर सगळेच उघड्यावर जाऊ."

त्यांनी टेबल चारी बाजूंनी ठोकून बघितलं, मला दोन शिव्या घातल्या आणि खाली शिरल्या.

जॅकनं टाकी ताणली, टेकू परत मारले. साहेबांनी पुन्हा मोजली, पास केली. झाकण बसवताना सासू आडव्या आल्या. आत वाकून हाका मारल्या, कोणी राहिलं तर नाही ना. मग म्हणाल्या, "लावा."

भूकंप झाला तेव्हा गावच्या घरात पाच जण झोपले होते. एकट्या सासू वाचल्या.