आधी दांडी, मग दोर

तबेल्यात त्यांना सगळे वस्ताद म्हणत, आणि वस्तादांना ते मनापासून पटलेलं होतं. कुणाचा घोडा ट्रेलरमध्ये चढेना झाला की त्यांना बोलावणं यायचं. ते घोडा चढवून यायचे आणि मग आठवडाभर घरच्यांचं डोकं खायचे. "आधी मागची दांडी, मग तोंडाचा दोर," हे त्यांचं पालुपद. घोड्याच्या मागे आडवी दांडी नसताना तो बांधला तर तो मागे सरकतो, दोर ताणला जातो आणि बिथरलेल्या जनावराला मग आवरता येत नाही. हे विसरणाऱ्या भल्याभल्यांची त्यांनी चारचौघांत हजेरी घेतली होती.

त्यांच्या लेकीला दूरच्या रायडिंग स्कूलमध्ये नोकरी लागली. ठमीला, म्हणजे स्वतः वाढवलेल्या तरण्या घोडीला, ती बरोबर नेणार होती. ठमी ट्रेलरमध्ये कधी चढलेलीच नव्हती. लेकीने घाई केली नाही. ट्रेलर आवारात उभा ठेवला, मधलं पार्टिशन सरकवून जागा मोकळी केली, चढायच्या फळीवर रबर अंथरलं आणि ठमीची चंदी रोज थोडी आणखी आत ठेवायला सुरुवात केली. ठमीला वाटलं तर आत, नाही वाटलं तर बाहेर.

"घोडी चढवतेयस की तिची समजूत काढतेयस?" वस्ताद चिडवायचे.

"दोन्ही एकच आहे, बाबा."

हळूहळू ठमी आत उभी राहून निवांत खाऊ लागली. मागे दांडी लावून घ्यायची सवय तेवढी बाकी होती.

एका दुपारी लेक बाजारात गेली होती आणि तबेल्यातली मंडळी चहा पीत बसली होती. कुणीतरी म्हणालं, "वस्ताद, गावाचे घोडे चढवता आणि घरचीच घोडी अडून बसलीय होय?" एवढं पुरे झालं. वस्तादांनी ठमीला धरलं. ओळखीच्या माणसामागे ती बिचारी मुकाट आत गेली. मंडळींनी वाहवा केली, आणि त्या वाहवेच्या भरात वस्तादांनी दोर कडीला बांधून टाकला. दांडी बाजूला टेकवलेली तशीच राहिली.

ठमी सहज मागे सरकली. दोर ताणला तशी ती उधळली, डोकं छताला आपटलं, तोंडाची म्होरकी तुटली आणि ती फळीवरून बाहेर कोसळली. ती कशीबशी उठली, आणि सगळे बघतायत या शरमेने वस्तादांनी तिला वर एक फटका दिला.

"पाय घसरला तिचा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लेक आल्यावर तिलाही तेच सांगितलं. लेकीने कडीला लोंबणारा दोर पाहिला, टेकवलेली दांडी पाहिली आणि जखम धुवायला पाणी आणायला गेली. ती भांडली असती तर वस्तादांना बरं वाटलं असतं.

ठमीची जखम भरली. लेकीने पुन्हा फळीपासून सुरुवात केली, आणि ठमी चढूही लागली. पण वस्ताद नुसते आवारात दिसले तरी ती कान पाडून मागे फिरायची.

निघायच्या सकाळी मंडळी निरोपाला जमली. ठमी फळीपाशी आली आणि अडली. वस्ताद तबेल्याच्या दारात उभे होते. लेक त्यांच्याकडे बघायचं टाळत होती, हे त्यांना दिसत होतं.

"ती घसरली नव्हती," ते मंडळींना म्हणाले. "दांडी न लावता मी बांधलं तिला. आणि वर मारलं."

वस्ताद चंदीच्या खोलीत गेले आणि आतून दार लावून पोत्यावर बसले.

थोड्या वेळाने फळीवर टापा वाजल्या. थांबल्या, पुन्हा वाजल्या. मग दांडी अडकल्याचा आवाज आला. त्यानंतर लेक दाराशी आली.

"चढली, बाबा. निघते आता. बाहेर येताय ना?"

"नको," वस्ताद दाराच्या फटीला तोंड लावून कुजबुजले. "आणि मला बोलायला लावू नकोस. माझा आवाज ऐकू जाईल तिला."