एकाच पानावर उघडणारं पुस्तक

शालूआक्काचं दार भरदुपारी बंद होतं, हे माधवीच्या मनातून जात नव्हतं. निपाणीला परत आल्यापासून कशात लक्ष लागेना. आज मुलाच्या, ओमकारच्या डब्यात भाजी भरायचीच राहून गेली.

माधवीचं माहेर वडगावचं. समोरच्या घरात शालूआक्का आणि तिचा साड्या विणायचा माग. धूळ आणि उकाडा बाहेर जावा म्हणून तिचं दार दिवसभर सताड उघडं. नवऱ्याशी भांडण होवो की आमटी करपो, सगळं गल्लीला दिसायचं. नवरा गेला तेव्हाही ती उंबऱ्यातच बसून रडली. माधवीचे वडील शाळामास्तर. ते एकदा म्हणाले, "शालूबाई म्हणजे उघडं पुस्तक." गल्लीला ते इतकं आवडलं की तिचं तेच नाव पडलं. कुणी चिडवलं की आक्का मागावरून ओरडायची, "मग वाचा की रं, फुकटच हाय!"

पुस्तकांशी तिचा संबंधही होता. शाळा सुरू झाली की पोरं फाटकी पुस्तकं घेऊन यायची. साडीवर नक्षी उठवायला मागावर लावायचे, भोकं पाडलेले जुने पुठ्ठे वापरून आक्का ती बांधून द्यायची. खळ इतकी चोपडायची की पुस्तक ताठ व्हायचं, आणि दरवेळी त्याच एका पानावर उघडायचं. बाकीची पानं बोटानं दाबून धरावी लागत.

परवा माधवी माहेरी गेली, तर आक्काचं दार आतून बंद. बऱ्याच हाकांनी उघडलं. माग बंद, त्यावर जुनं लुगडं पसरलेलं. आक्का निम्मी झालेली.

"काय झालं, आक्का?"

"मला काय धाड भरलीया? तूच वाळलीस की! निपाणीत जेवाय घालत न्हाईत व्हय?"

हसता हसता तिनं हात वर केला आणि कळवळून खाली घेतला. मग सांगावंच लागलं. छातीत गाठ होती, दिवाळीपासून. डॉक्टरांनी लगेच तपासणी करायला सांगितलेली. ती गेलीच नव्हती.

"युवराजला ठाऊक आहे?"

"त्येला न्हाय सांगायचं. बेंगळुरात आत्ता कुठं बस्तान बसलंय माझ्या लेकाचं. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला."

माधवीनं कबूल म्हणून मान हलवली होती.

दिवाळीनंतरही बरेच दिवस दार उघडंच असणार. येणाऱ्याजाणाऱ्यानं हसणारी, टोमणे मारणारी आक्काच पाहिली असणार. मास्तरांनी नाव दिलं, गल्लीनं ते चालवलं, आणि पुढचं पान उलटायचं कुणाला सुचलंच नाही. माधवीलाही नाही.

आपल्याला असं काही झालं तर आपणही ओमकारपासून लपवू, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तर मान हलली. पण नंतर कधीतरी ओमकारला कळलं, की कुणाला तरी हे ठाऊक होतं आणि ते गप्प बसले, तर?

आक्का शिव्या घालेल. दारात उभंही करणार नाही. पण शिव्या घालायला ती असायला तरी हवी.

माधवीनं ओले हात पदराला पुसले आणि युवराजला फोन लावायला घेतला.