घरी येतानाचा ठेका

एका रविवारी संध्याकाळी मी माझ्या वडिलांच्या हातातून पत्र्याचा एक रिकामा डबा काढून घेतला. ते तो वाजवत होते आणि मला ते थांबवायचं होतं. डबा काढून घेणं ही काही मोठी गोष्ट नाही, असं मी पुढे कित्येक महिने स्वतःला समजावत राहिलो. आता बाबांना जाऊन दीड-दोन महिने होत आले. त्यांच्याविषयी काही लिहावं म्हणून बसलो की दरवेळी तो डबाच समोर येतो. तेव्हा आधी ते सांगून टाकतो. चूक माझी होती, आणि ती मी लपवलीही.

बाबांचं सगळं आयुष्य उकव्याच्या मँगनीजच्या खाणीत गेलं. निवृत्तीनंतर ते माझ्याकडे बालाघाटला राहायला आले. मूळ गाव खैरलांजीकडचं, धानाच्या बांध्यांमधलं. तिथे आमचे आजोबा डफडं वाजवायचे. लाकडी कड्यावर चामडं ताणलेलं, गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचं ते वाद्य. वाजवायच्या आधी तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, जाळ करून त्यावर शेकायचं, म्हणजे आवाज चढतो. लग्न असो की मयत, गावातून बोलावणं आलं की आजोबांना जावंच लागे. ताप असला तरी जावं लागे. अंगणाच्या बाहेर बसून वाजवायचं आणि देतील ते घेऊन परत यायचं. धम्मदीक्षा घेतल्यानंतर आमच्या लोकांनी एक दिवस ठरवलं की आता जायचं नाही. सगळ्यांनी आपापली डफडी एका ठिकाणी आणली आणि फोडली. आजोबांनीही फोडलं. बाबा तेव्हा लहान होते, त्यांनी ते पाहिलं होतं. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली, आणि ती सांगताना त्यांची मान ताठ असायची. मी त्याच गोष्टीवर वाढलो. कचेरीत बाबू झालो, वॉर्डातल्या विहार समितीचा सचिव झालो, भाषणांमधून ती गोष्ट सांगितली. पण भाषणात मी जे कधी सांगितलं नाही ते असं की बाबांची बोटं स्वस्थ नसायची. जेवणाची वाट बघताना ताटावर, बस थांबली की समोरच्या सीटच्या दांड्यावर, विहारात बसले असताना स्वतःच्या गुडघ्यावर… बोटं चालूच. आई हसायची, म्हणायची, "तुमच्या हातात काय मुंग्या भरल्या का?"

आई लवकर गेली. माझी बहीण करुणा तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती आणि मी कॉलेजात होतो. खाणीतून आलेले बाबा तिला मांडीवर आडवी घेऊन थोपटायचे, आणि ती झोपायची. त्या थोपटण्याबद्दल पुढे लिहायचं आहे.

करुणा गाण्या-वाजवण्याकडेच गेली. नागपूरला संगीत शिकली आणि तिथूनच तिला इंडोनेशियातल्या जावा बेटावर एक वर्ष राहून तिथलं पारंपरिक संगीत शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. मी विरोध केला. बाहेर जायचंच तर कामाचं काही शिकावं, असं माझं म्हणणं होतं. बाबांनी एकच विचारलं, "तिथं काय वाजवशील वं?"

"ढोल, बाबा. हातानं वाजवतात. सगळे लोकं जमिनीवर बसून वाजवतात आन् ढोलवाला सगळ्याइले चालवते."

बाबांची बोटं गुडघ्यावर दोनदा पडली. मग म्हणाले, "जाय. पर जेवत जाजो बराबर."

ते वर्ष आमच्या घरात रविवारच्या संध्याकाळांचं वर्ष होतं. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिकडची जेवणं आटोपली की तिचा फोन यायचा. बाबा धुतलेला सदरा घालून आधीपासून ओसरीत खुर्चीवर बसलेले असायचे, फोन मी त्यांच्यासमोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवायचो. पहिले काही महिने तिला फार जड गेले. भाषा येईना, हात वळेना. वह्या भरून ताल लिहून घ्यायची सवय असलेली ही मुलगी, आणि तिचे गुरुजी लिहू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आधी महिनाभर नुसती बसून ऐक. ती गुरुजींना "पाक" म्हणायची. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला तसंच म्हणतात, म्हणजे बापच.

"मंग मी कोन?" बाबांनी विचारलं.

"तुमी बालाघाटवाले पाक."

बाबा इतके हसले की तांब्यावरचा फोन पडला. त्यांचे प्रश्नही त्यांचेच असायचे. तिथं धान होते का? हौ बाबा, चारी बाजूनं धानच. भात मोकळा का चिकट? पाकचा बाप वाजवत होता का? एकदा करुणाने सांगितलं की तिथे वाद्य कुणी ओलांडत नाही. कितीही अडचण असो, चप्पल बाहेर काढायची आणि वळसा घालून जायचं. चुकून ओलांडलं तर वाकून माफी मागायची. हे ऐकल्यावर बाबा हसले नाहीत. तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुया आजाचं डफडं आंगनाबाहेर ठेवा लागे. कुत्रं ओलांडून जाये त्याले."

मी तांब्या उचलून आत नेऊन ठेवला. ते असं काही बोलले की मला अवघडल्यासारखं व्हायचं.

वर्ष निम्म्याहून जास्त सरलं असेल, त्या एका रविवारी करुणा एकटी नव्हती. तिच्या मागे पाक बसले होते, डोक्याला कापड बांधलेले, बारीक अंगाचे. वर्षाअखेरीच्या कार्यक्रमात परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचं काहीतरी वाजवायचं, तिकडच्या वाद्यांनी त्याला साथ करायची, असं ठरलं होतं. करुणाने नागपूरला शिकलेलं वाजवून दाखवलं तर पाक म्हणाले, हे शाळेचं झालं, घरचं कुठाय? तुझ्या घरी कोण वाजवतं?

"बाबा," ती म्हणाली, "आजोबा वाजवत ते तुमाले येते ना? थोडं दाखवा ना. पाक आयकून राह्यले."

आमच्या ओसरीत तेव्हा शेजारचे मेश्राम काका बसले होते. विहाराच्या कार्यक्रमाचं ठरवायला आले होते. मी बाबांकडे बघत होतो.  ते उठले, आत गेले, लाह्यांचा रिकामा डबा घेऊन आले, उपडा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "लग्नाचा ठेका नाही वाजवत, मयतीचाही नाही. ते लोकाइचे होते. एक आपला होता. काम झालं का घरी येताना वाजवत. रस्त्यानं, आपल्याच पायासाठी. त्याचं बोलावनं नव्हतं आन् पैसेही नव्हते."

आणि त्यांनी वाजवलं. आधी सावकाश, दमलेल्या माणसाच्या चालीचं. मग घर दिसल्यासारखं भरभर, आणि मध्येच एक रिकामी जागा, जिथे दोन्ही हात हवेत थांबायचे. सत्तरीच्या पुढचे हात आणि ते असे चालत होते… फोनमधल्या पाकांनी डोळे मिटले होते, त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर पडत होता. करुणा म्हणत होती, "हळू, बाबा, हळू, पुन्हा एकदा."

तेवढ्यात मेश्राम काका हसून म्हणाले, "काय गा भाऊ, पुन्हा गावातून बोलावनं आलं का?"

 मी उठलो, बाबांच्या मांडीवरचा डबा उचलला, म्हणालो, "पुरे झालं, बाबा." आणि फोन बंद केला. करुणाचा लगेच पुन्हा फोन आला, मी तो उचलला नाही. नेटवर्क गेलं, असा निरोप लिहून पाठवला. बाबांचे हात डबा नसलेल्या मांडीवर तसेच राहिले होते. मग त्यांनी ते लुंगीला पुसले, जसं काही लागलं होतं हाताला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा ते फाटकाशी उभे होते. म्हणाले, "आमी बोलावन्यावर जानं सोडलं, बापू. वाजवनं नव्हतं सोडलं. ते त कोनी सोडाले सांगतलंच नव्हतं." एवढंच. मी घाईत आहे असं दाखवून गाडी सुरू केली. त्यानंतरच्या रविवारी करुणाने पुन्हा विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "आता ध्यानात नाही, माय." ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. पण मला कळलं.

महिना-दोन महिन्यांत बाबांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. करुणाला कळवलं, तेव्हा तिचा कार्यक्रम तोंडावर आला होता. ती कार्यक्रम टाकून आली. नंतर मला कळलं की पाकांनी तिच्या जागी कुणाला बसवलं नाही, तिचा ढोल मांडून तसाच रिकामा ठेवला.

ती आली आणि बाबांच्या खाटेशीच बसली. अनेक वाद्यांच्या गलक्यातून एकेक आवाज वेगळा ऐकायची सवय तिला तिकडे लागली असावी. दोन-चार दिवसांतच तिच्या लक्षात आलं की बाबांचा डावा हात चादरीवर काहीतरी वाजवतो आहे. तिने तो डबा आणून त्यांच्या हाताखाली ठेवला. बाबांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि बोटं चालू लागली. पण डफड्याला दोन हात लागतात. डावा हात नुसता पाठीमागून येणारा, उजवा हात वाट दाखवणारा, आणि तोच गेलेला. करुणाने डाव्या हाताचं सगळं फोनमध्ये भरून घेतलं. एक दिवस मला विचारलं, "दादा, तुले उजव्या हाताचं काही आठवते का? थोडंसं त आयकलं असशील."

मी म्हणालो, "नाही."

खरं म्हणजे मला ते पाठ होतं. ती बाबांच्या मांडीवर झोपायची तेव्हा बाबांचा डावा हात तिच्या डोक्याखाली असायचा आणि उजव्या हाताने ते तिच्या पाठीवर थोपटायचे, ते हेच होतं. आधी सावकाश, मग भरभर, मध्ये रिकामी जागा. मी बाजूला अभ्यास करत बसलेला असायचो आणि वर्षानुवर्षं ते ऐकायचो. ओसरीत बाबांनी पहिला हात मारला तेव्हाच मी ते ओळखलं होतं. आता आठवतं म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग त्या दिवशी काय झालं होतं? आणि करुणा तर तोवर नेटवर्कलाच दोष देत होती. तिने कधी माझ्यावर संशयसुद्धा घेतला नव्हता.

बाबा एका दुपारी गेले, ती त्यांच्याजवळ असताना. मी कचेरीत होतो. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बाबांना आदरांजली वाहायला, विहार भरला होता, मी बाबांच्या स्वाभिमानाविषयी बोललो, आजोबांनी डफडं फोडल्याचं पुन्हा सांगितलं. लोक पांगल्यावर मेश्राम काका माझ्याजवळ आले. डोळे पुसत म्हणाले, "एक गोष्ट मनात राह्यली गा. त्या दिवशी मी त मजाक केली होती. माया बापही तेच वाजवत येत होता घरी. मले पुरं आयकाचं होतं. तुनं काहून थांबवलं?"

मी सतरंज्या गुंडाळायला लागलो. सगळी इज्जत मी एकट्याने सांभाळतो आहे, असं मला वाटत आलं होतं…

बाबांची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. खाट आहे, सदरा खुंटीला आहे, आणि जमिनीवर, खाटेच्या पायथ्याशी, तो डबा उपडा ठेवलेला आहे. तो तिथून हलवायचा नाही असं करुणाने सांगितलं आहे. खोली लहान, त्यामुळे खिडकीकडे जाताना तो नेमका पायात येतो. करुणा दरवेळी भिंतीला चिकटून वळसा घालते. मी घाईत कितीदा त्यावरून टांग टाकून गेलो असेन.

गेल्या रविवारी, त्या दोघांच्या फोनच्या वेळेला, करुणा तिथे बसून बाबांच्या डाव्या हाताचा आवाज ऐकत होती. मी दारात चपला काढल्या. भिंतीकडून वळसा घालून आत गेलो आणि डब्यापलीकडे तिच्यासमोर बसलो. तिने वर पाहिलं. मी उजवा हात डब्यावर ठेवला आणि ती लहान असताना बाबा थोपटायचे तसं वाजवू लागलो. हात माझा, कलम धरणारा. मध्येच चुकलो, रिकामी जागा कुठे येते ते सापडेना, फोनमधला हात पुढे निघून गेला. करुणाने फोन थांबवला. बराच वेळ ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"तुले येते," ती म्हणाली.

"हौ."

"मंग नाही काहून म्हनला?"

मी तिला सगळं सांगितलं. मेश्राम काकांचं हसणं, डबा, बंद केलेला फोन, नेटवर्कचा खोटा निरोप, फाटकाशी उभे असलेले बाबा.  सांगून झाल्यावर मी तिच्यासमोर, त्या डब्यासमोर वाकलो आणि म्हणालो, "करुणा, नेटवर्क गेलं नव्हतं. म्याच थांबवलं बाबाले. तुया हातातलं नेलं, त्याइच्याही हातातलं नेलं. बाबाले सांगाची हिंमत झाली नाही, आता तुले सांगतो. चुकलो मी, माय. माफ कर."