तुला कशी वाटतेय?

आमच्या ह्यांना गेली सहा वर्षं नीट ऐकू येत नाही. त्यांना सोडून हे सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं होडीत मोटरचा दांडा धरून तिच्या शेजारी बसलेला माणूस. आधी तिच्या बाजूच्या कानाने राजीनामा दिला, मग दुसऱ्यानेही त्याची री ओढली. मुलीने कानाचं मशीन आणून दिलं. दोन दिवस लावलं आणि म्हणाले, "ह्यात मोटर डबे बडवल्यासारखी वाजते." मशीन कपाटात गेलं ते गेलंच.

ह्यांचं काम तलावापलीकडच्या घरांना गॅस सिलिंडर, टपाल आणि औषधं पोचवायचं. होडी ॲल्युमिनियमची, आमच्या लग्नाआधीची. तिला इतके पोचे पडलेत की मूळ आकार कुणाला आठवत नाही. मोटर तिच्याहून थोडी तरुण, एवढंच. मेकॅनिकचं नाव काढलं की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. एकदा त्याच्याकडे मोटर नेली होती, तेव्हा त्याने दोन चांगले बोल्ट काढून गंजके लावले असा ह्यांचा ठाम समज आहे. तेव्हापासून प्लग घासण्यापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत सगळं मागच्या अंगणात, स्वतःच्या हाताने. ह्यांच्या पदरी दोन म्हाताऱ्या आहेत, एक अंगणात आणि एक घरात. अंगणातलीला तेलपाणी वेळेवर मिळतं.

अंगणात एक मोठं पिंप आहे. पंखा काढून ठेवायचा, पिंपाच्या काठाला मोटर अडकवायची, तिचा खालचा भाग पाण्यात बुडवायचा आणि दोरी ओढून चालू करायची. मग हे तिच्या पाठीवर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि थोड्या वेळाने माझ्या खिडकीकडे बघून विचारतात, "तुला कशी वाटतेय?" जसं काही माझीच परीक्षा चाललीय. ऐकू येत नाही हे जिभेवर येईल तर शपथ. मी खिडकीत उभी राहून, ओठ दिसतील असं तोंड मोठं करून सांगते. अडखळतेय. धापा टाकतेय. छान.

कुणी शिकवलं नाही, पण सहा वर्षांत मोटरचं दुखणंखुपणं मला कळायला लागलं. कौतुक सांगत नाही. नसतं कळलं तरी चाललं असतं.

त्या दिवशी ह्यांनी पंख्याच्या गिअरचं तेल बदललं. निघालेलं तेल दुधाळ होतं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. तेलाच्या स्क्रूखालचं वॉशर नवं घालायला हवं होतं. ह्यांनी जुनंच उलटं करून बसवलं. "अजून एक वर्ष काढेल," म्हणाले. मी घरी शिलाई करते आणि ते दिवस शाळेच्या गणवेशांचे होते. समोर चाळीस कॉलर पडलेल्या, पाय सुजून आलेले. तीनदा ह्यांनी हाक मारली, तीनदा मी शिलाई सोडून खिडकीत गेले. अडखळतेय, म्हटलं, ह्यांनी प्लग बदलला. अजून अडखळतेय, पेट्रोलची नळी साफ केली. तिसऱ्यांदा बरी वाटली. चौथ्यांदा ह्यांनी मोटर गिअरमध्ये टाकली आणि विचारलं.

नेहमीच्या आवाजाखाली एक बारीक करकर होती. भातात खडा यावा तशी. मला स्वच्छ ऐकू आली. पण ती सांगितली तर खालचा गिअरचा सगळा डबा उघडणार, बॅटरी धरून मला संध्याकाळपर्यंत उकिडवं बसायला लागणार, आणि चाळीस कॉलर तशाच राहणार. खरं सांगते, जीव मेटाकुटीला आला होता.

"छान," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे चार सिलिंडर घेऊन गेले. दुपारच्या जेवणाला यायचे ते आले नाहीत. तीन वाजता वारा सुटला. मी काठावर जाऊन उभी राहिले. पाण्यावर काही दिसेना आणि माझ्या डोक्यात ती करकर चालू झाली ती थांबेना. माझ्या एका शब्दावर माणूस पाण्यात गेला होता. हात जोडून काय काय बोलले ते आता आठवत नाही.

दिवेलागणीला होडी दिसली. हे वल्ही मारत येत होते. परत येताना तलावाच्या मध्यावर गिअरचे दात गेले. मोटर चालू आणि पंखा जागच्या जागी. दुपारपासून वल्हवत होते, त्यातले चार तास वाऱ्याविरुद्ध. तळहातांची सालटं निघाली होती.

घरी आल्यावर मलम लावताना मी तोंड ह्यांच्यासमोर धरून सांगून टाकलं, "मला काल ऐकू आलं होतं. करकर होती. मी खोटं बोलले."

मला वाटलं, आता भांडं आपटतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"ती करकर माझ्या हातालाही जाणवली होती," हे म्हणाले. "पण तू छान म्हणालीस. म्हटलं, आता आपला हातही गेला."

सकाळी मी कॉलर बाजूला सारल्या आणि बॅटरी काढली.

पुढचे आठ दिवस डबा उघडून बसलो. दुसऱ्या एका जुन्या मोटरचे गिअर कुठून तरी मिळवले, नवं बेअरिंग घातलं, नवी वॉशरं घातली. ह्यांच्या हाताला पट्ट्या, म्हणून बारीक स्क्रू मी पिळले. गणवेश उशिरा गेले, शाळेची बाई बोलली, बोलू दे.

नवव्या दिवशी मोटर पिंपावर चढली. मी शिलाई थांबवून आधीच खिडकीत उभी होते. ह्यांनी दोरी ओढली, मोटर गिअरमध्ये टाकली, पट्टी बांधलेला तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे होते. मग मोटर बंद केली आणि हत्यारं आवरायला लागले. खिडकीकडे बघितलंच नाही.

मी अंगणात गेले आणि समोर जाऊन उभी राहिले. "परत चालू करा," म्हटलं. त्यांनी केली. मी पिंपाशी वाकून, कान मोटरला जवळजवळ चिकटवून ऐकलं. पाच मिनिटं तरी ऐकलं असेल. कुठेही काही नव्हतं.

"छान आहे," मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं. "अगदी खरं."

ह्यांनी मान हलवली. आणि मग पट्टी सोडून, उघडा हात पुन्हा मोटरवर ठेवून बघितला.