फटफटीशी बोलणारे भासरे

माझे अक्षर कोंबडीने पाय उमटवल्यासारखे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढे कळले तेवढेच अजून कळते. कोणाच्या हाती ही वही पडलीच तर माफ करावे. मागच्या थंडीत माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, अहेरीला वारले. त्यांच्याविषयी कुठेतरी लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून लिहिते.

माझे भासरे माझ्याशी बोलत नसत आणि तरीही फटफटीचा प्लग कसा काढावा हे मला त्यांनीच शिकवले. आमच्याकडची रीत अशी की, धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा, त्यांच्या खाटेवर बसायचे नाही, त्यांच्या हातून काही घ्यायचे नाही आणि त्यांच्याशी बोलायचे नाही. त्यांनीही तिच्याशी बोलायचे नाही. मी मुळातच लाजरी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा एवढ्या माणसांपैकी एकाशी तरी बोलावे लागणार नाही, याचे मला बरेच वाटले होते.

भासरे सरकारी नोकरीत होते. चांदा जिल्ह्यात गावोगाव फिरून लहान मुलांना देवी टोचायचे त्यांचे काम. लोक त्यांना देवीवाला डाक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. हे ते प्रत्येक गावी एकदा सांगत आणि मग टोचायला बसत. आमचे गाव नागभीडपासून दोन कोसांवर. त्यांच्याकडची गावे मात्र पार जंगलात. सायकलवर जाईपर्यंत ऊन चढे आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली लस खराब होई. खराब लसीने टोचले तर काही उपयोग होत नाही, आणि टोचले नाही तर साहेब विचारतो. "टोचलं तं देवी हासते, नाई टोचलं तं साहेब रडवते," असे ते म्हणत.

म्हणून त्यांनी फटफटी घ्यायचे ठरवले. वडशाला एका लाकडाच्या ठेकेदाराची जुनी, लहानशी फटफटी विकायची होती. साठवलेल्या पैशांत एकशेवीस रुपये कमी पडत होते आणि नेमके एकशेवीस रुपये माझ्या गाडग्यात होते. माझ्या बाबांनी आंदणात पारडी दिली होती. तिची म्हैस झाली, चार वेत दूध दिले, मग भाकड झाली आणि नागभीडच्या बाजारात विकली गेली. तेच हे पैसे. त्यातून मला पुन्हा दुभती म्हैस घ्यायची होती. घरातले सगळे म्हणत की ते पैसे धाकटीचे आहेत. गाडग्यात होते तोवर सगळेच म्हणत होते.

भासऱ्यांनी पैसे मागितले ते माझ्या जाऊबाईंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला. मी दोन हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत होते.

"तिले इचार, देते का म्हणा. महिन्याच्या महिन्याले परत करीन म्हणा."

"मी काऊन इचारू? इथंच तं बसली हाय, आयकून राह्यली."

"तरी इचार. रीत हाय."

जाऊबाई माझ्याकडे वळल्या. "काय वं, देतेस का? तुही म्हैस आता धूर सोडन म्हणते."

मी मान हलवली. जाऊबाईंनी ते त्यांना सांगितले. त्यांनीही पाहिले होते, पण जाऊबाईंचे सांगून होईपर्यंत थांबले.

फटफटी वडशाहून नागभीडपर्यंत रेल्वेने आली आणि नागभीडपासून घरापर्यंत भासऱ्यांनी ती ढकलत आणली. चालू का केली नाही, असे माझ्या यजमानांनी विचारले. "नवा बयल पह्यल्या दिवशी जुतत नाई," असे उत्तर मिळाले. तेव्हापासून ती बयल झाली. तिला पाठीवर थोपटल्याशिवाय ते किक मारीत नसत आणि संध्याकाळी आल्यावर तिच्याशी दोन गोष्टी बोलल्याशिवाय हातपाय धूत नसत. "आज लय दमलास ना. उद्या जवळचंच गाव हाय."

तिचे करणे बैलापेक्षा जास्त होते. पेट्रोल वडशाहून डब्यात यायचे आणि त्यात औषधाच्या बाटलीने मोजून तेल मिसळावे लागे. बांबू तोडलेल्या वाटांवर खुंट राहतात. त्यावर टायर फाटे. धुराच्या नळीत काजळी धरली की ती नळी काढून धानाच्या कोंड्याच्या आगीत रात्रभर पुरून ठेवायची आणि सकाळी दगडावर आपटायची. एकदा जाऊबाईंनी त्याच आगीत दोन वांगी भाजायला टाकली. जाळ फुकट जाऊ नये म्हणून. दुपारी आम्ही ते भरीत खाल्ले. संध्याकाळी भासरे फटफटीला म्हणाले, "बयला, तुही चव मले कळली."

फटफटीमुळे लस वाचली, पण दुसरेच झाले. तिचा आवाज अर्ध्या कोसावर ऐकू यायचा. तो ऐकला की आया मुलांना काखेत मारून जंगलात पळायच्या. भासरे पोचेपर्यंत गावात म्हातारे, कुत्री आणि चुलीवर उकळणारे आंबील एवढेच राहायचे. तेव्हा त्यांनी आपली पद्धत काढली. गाव जवळ आले की नाल्यापाशी फटफटी बंद करायची आणि तिथून ढकलत न्यायची. म्हणजे लवकर पोचण्यासाठी घेतलेली गाडी घेऊन ते घामाघूम होऊन पायी पोचायचे. पण मुले सापडायची. त्या सालात आजूबाजूला देवी आल्या तेव्हा त्यांच्या गावांत फारशा फिरकल्या नाहीत. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. ढकलून खांदे दुखतात, एवढेच म्हणत.

पगाराच्या दिवशी ते फटफटीच्या गादीवर पैसे ठेवायचे. कधी पाच रुपये, कधी तीन. उडू नयेत म्हणून वर पाना ठेवायचे. "बयला, हा तुहा हप्ता," असे म्हणून विहिरीवर हात धुवायला जायचे आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत राहायचे. मी जाऊन पैसे उचलायची आणि पाना जागेवर ठेवायची. आमच्यात याहून वेगळा व्यवहार नव्हता.

दुसऱ्या वर्षी पोळा आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात आणि गाड्यांचीही करतात, असे माझे यजमान म्हणाले. भासऱ्यांना ते पटले नाही. "हत्यार हाय का ते? बयल हाय." पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे पळसाच्या पानाने लोणी-हळद लावून मळतात आणि त्यांना आवतन देतात. भासऱ्यांनी घरच्या जोडीचे खांदे मळले, मग फटफटीचे. फटफटीचे खांदे म्हणजे धरायच्या दोन मुठी. लोणी सढळ हाताने लावले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असे तिलाही म्हणाले. पोळ्याला तिला झूल घातली, पुरणपोळी दाखवली आणि दिवसभर हलवली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते कामावर निघाले. लोणी मुठींत मुरले होते, पण सगळे मुरले नव्हते. गावाबाहेरच्या वळणावर फटफटी वळली आणि भासऱ्यांचे हात तिच्यासोबत वळले नाहीत. ते बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून खाली धानाच्या चिखलात गेले. उजवा हात कोपराखाली मोडला. बैलगाडीतून घरी आणले तेव्हा म्हणाले, "बयलाची चूक नाई. मीच जास्त मानपान केला."

हात बांबूच्या पट्ट्यांत बांधला गेला. दोन महिने कामावर जाता येणार नव्हते. पण फटफटी नुसती उभी राहिली तर आतून जाम होईल, अशी त्यांना चिंता. चिखलही खोलवर गेला होता. जाऊबाई पेट्रोलच्या वासाने नाक धरायच्या. माझे यजमान शेतात. राहिले कोण, तर मी.

सकाळी भासरे ओट्यावर बसायचे, तोंड फटफटीकडे करून. मी तिच्या पलीकडच्या बाजूला, पदर नाकापर्यंत.

"बयला, तुहा पिलग आता काढते. डाव्या अंगानं फिरव म्हणा. जोर नको लावू म्हणा, आट्याचं सूत मोडते."

मी डाव्या अंगाने फिरवायची.

"आता राखेनं नको घासू म्हणा. बारीक पोलीस कागद हाय डब्यात."

मी राख खाली ठेवून डब्यातला घासायचा कागद घ्यायची.

आमच्या शेजारच्या म्हातारबाई कुंपणावरून बघत असायच्या. एकदा म्हणाल्या, "तुहा भासरा फटफटीले सांगते, अन् काम तू करतेस. ते फटफटी काय करते मंग?"

"ते मधात उभी राहते," जाऊबाई आतून म्हणाल्या.

महिन्याभरात मी प्लग, चेन, ब्रेकची तार हे सगळे करू लागले. पहिल्यांदा किक मारली तेव्हा फटफटी सुरू झाली आणि मी घरात पळून गेले. भासरे बराच वेळ तिच्याशी बोलत होते. "शहाणा बयल हाय. ज्याचा हात ओळखते त्याच्याच हातानं चालते." मी दाराआड उभी होते. मला कोणी शहाणी म्हटल्याचे ते पहिले आठवते.

त्या दोन महिन्यांत पगार अर्धा आला, दुरुस्तीला खर्च झाला आणि हप्ता थांबला. तेव्हा माझे यजमान एका संध्याकाळी ओट्यावर भासऱ्यांना म्हणाले, "दादा, तिच्या पैशाचं राहू दे आता. चूल एक, वावर एक. घरातला पैसा घरातच हाय. ती काय म्हणणार हाय?"

ते खरेच होते. मी काही म्हणणार नव्हते. यजमानांना म्हणाले असते तर ते म्हणाले असते की तुला काय कमी आहे. भासऱ्यांना तर म्हणताच येत नव्हते. कागद नव्हता, साक्षीदार एकट्या जाऊबाई, आणि त्या कोणाच्या बाजूने बोलतील हे त्यांचे त्यांनाही माहीत नसे. मी चुलीपाशी बसून भाकर थापत होते. तीच भाकर बराच वेळ थापत राहिले. म्हैस गेली असे मी मनात धरून चालले होते.

भासरे उठून फटफटीपाशी गेले आणि माझ्या यजमानांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बयला, दूध सगळ्यानं पेलं. पण म्हैस कोणाची होती, ते मले मालूम हाय."

पुढच्या पगाराला गादीवर दोन रुपये होते. पाना होताच.

असे चौथे वर्ष लागले. मग बदलीचा हुकूम आला, अहेरीचा. तिकडे पावसाळ्यात नदी-नाले आडवे येतात, फटफटीचा उपयोग नाही, असे ऐकून भासऱ्यांनी ती विकायचे ठरवले. वडशाच्या राइस मिलच्या एका माणसाने घेतली. न्यायच्या आदल्या दिवशी भासऱ्यांनी तिला धुतले. ब्रेकची तार मी बदलली. त्या दिवशी ते तिच्याशी काही बोलले नाहीत. तिनेही सुरू व्हायला फार वेळ लावला नाही.

ती विकून ते रेल्वेने परत आले आणि नागभीडहून पायी घरी आले. अहेरीला निघायला जाऊबाई सामान घेऊन बैलगाडीत बसल्या होत्या. अंगणात फटफटी उभी राहायची तिथे तेलाचा काळा डाग होता. भासरे तिथे येऊन थांबले. मी दारात होते, यजमान बैल जुंपत होते.

भासऱ्यांनी बंडीच्या खिशातून नोटा काढल्या. बावीस रुपये राहिले होते, हे मला ठाऊक होते, त्यांनाही असणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. पैसे ओट्यावर ठेवता येत होते आणि त्यांनी ते ठेवलेही. पण ज्याला सांगायचे तो तिथे नव्हता. त्यांनी एकदा उखळाकडे पाहिले. उखळाशी बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग ते माझ्याकडे न बघता, पण मलाच म्हणाले, "मोजून घे, बाई. माह्यासमोर मोज."

यजमानांनी बैलाचे जू धरून ठेवले. मी पुढे आले, पदर ओढला, ओट्यावरून नोटा उचलल्या आणि एकेक करून मोजल्या. दोन दहाच्या, दोन एकच्या.

"बराबर हायत," मी म्हटले. आवाज किती निघाला माहीत नाही, पण त्यांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले.

एकशेवीस पूर्ण झाले होते.