कौलापूर्वीचे दोन कागद

श्रीसिद्धनाथास वंदन करून, कुंडलजवळच्या आमच्या देवळात परवा कौल मागण्यास आलेल्या एका अनोळखी जवानाविषयी लिहितो.

त्याने देवापुढे दोन कागद कडेला कड जुळवून मांडले. त्यांवर दोन कंपन्यांच्या, अद्याप बाजारात न आलेल्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांची चित्रे होती. लेकीसाठी त्यांतल्या एकाची आगाऊ नोंदणी करून त्याला सरहद्दीवर परतायचे होते.

"आवं गुरुजी, ह्याच्यात चित्रं लय झ्याक दिसत्यात. पोरीला ह्येच पायजे. दुसऱ्यात तेवढं न्हाई, पन माझ्या मोबाइलवरनं मी तिच्यासंगं खेळू शकतो. फोनवर ती 'बरी हाय' म्हणून ठेवून देती. खेळाय बसली की तिचं तोंड थांबत न्हाई."

मी कौलाची फुले हातातच धरली. "दुसरे घ्यायचे, हा तुमचा निर्णय तर झालेला आहे. मग देवाला कशासाठी विचारता?"

तो ओशाळून हसला. "देवानं सांगितलं म्हटलं, की ती रुसायची न्हाई."

"मला सांगितलेत, तेच तिला सांगा."

"गोळीला कवा भ्यालो न्हाई, गुरुजी. पोरीम्होरं शब्द फुटत न्हाई."

तरी त्याने कागद उचलले. पायरीवर बुटांच्या नाड्या बांधताना तो स्वतःशीच पुटपुटत होता, "बाळ, तिकडं मला तुझा आवाज लागतुया…" नाडी सोडून त्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

मी कौल न लावताच फुले देवाला वाहिली.

वाचकहो, आपल्या घरातील मुलाबाळांची बडबड अखंड राहो आणि दूर असलेल्यांच्या कानी ती सुखरूप पोहोचो.