बरणी गप्प झाली

"दादा, बरणी गप्प झाली रे. आता काय करू?" दवाखान्यात लोखंडी खाटेवर पडलेल्या माझ्या भावाला मी असं विचारलं, तेव्हा शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाईंनी मला वेडीच ठरवलं असणार. ठरवू देत. दादाला अर्धांगवायूचा झटका येऊन आठवडा झाला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती, ऐकू मात्र सगळं येत होतं. माझा प्रश्न ऐकून त्याचे डोळे मोठे झाले, ओठ हलले, घशातून घरघर आली... शब्द काही फुटेना. मी कान त्याच्या तोंडाशी नेला. "गाळून घेऊ? की राहू देऊ अजून?" पुन्हा नुसती घरघर. मग त्यानं डोळे मिटले आणि कडेनं पाणी ओघळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास घेऊन गेले, तर खाट रिकामी होती. कर्जतच्या रेल्वे शेडमधला फिटर, दहिवलीचा वसंतदादा, माझा एकुलता एक भाऊ गेला. बरणीचं काय करायचं ते सांगायचं राहूनच गेलं.

बरणी म्हणजे लोणच्याची नव्हे बरं का. जांभळाच्या वाइनची. दादा ही विद्या शेडमधल्या पास्कल नावाच्या फायरमनकडून शिकला. पास्कल नाताळासाठी घरी थोडी करायचा, दादाला तिचं वेडच लागलं. तसं जांभळाचं वेड त्याला लहानपणापासूनचं. नदीकाठच्या झाडाखाली बसून आम्ही दोघं ओटीभर जांभळं खायचो आणि मग एकमेकांना जीभ काढून दाखवायचो, कुणाची जास्त जांभळी झाली ते. दर वेळी तोच जिंकायचा, आणि मी चिडून त्याला चिमटा काढायची.

मोठेपणी त्याचा जूनमधला कार्यक्रम ठरलेला. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली कमळी पाटीभर जांभळं आणून द्यायची. दादा ती मागच्या खोलीत हातानं कुस्करायचा, त्यात साखर, उकळून गार केलेलं पाणी, मूठभर गहू आणि खमीर घालून चिनीमातीच्या बरणीला फडकं बांधायचा. चार दिवसांत आतून चुटूचुटू आवाज यायला लागायचा. मग शेडमधून आला की हातपाय न धुता हा आधी बरणीला कान लावणार. "शके, ये गं, बोलतेय बघ!" मी म्हणायची, "माणसांशी बोल जरा, लग्न तरी जमेल." लग्न त्यानं केलंच नाही. मी विधवा होऊन माहेरी परतले तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघंच, आणि तिसरी ती बरणी.

यथावकाश बरणी गप्प व्हायची. हा खरा कसोटीचा दिवस. दादा म्हणायचा, "गप्प होण्याचे दोन प्रकार असतात शके. एक पोट भरून झोपणं आणि दुसरं मरणं. बाहेरून दोन्ही सारखंच. चाखल्याशिवाय कळत नाही." मग चमचाभर तोंडात घेऊन तो डोळे मिटून बसायचा. झोपली असेल तर बाटल्या भरायच्या, दहा-बारा निघाल्या तर खूप झाल्या. मेली असेल तर सगळी माडाच्या बुंध्यात. आमच्या माडाइतका झिंगलेला माड अख्ख्या कोकणात सापडायचा नाही.

काळ दारूबंदीचा होता. घरात असलं काही सापडलं तर सरळ चौकीची वारी, आणि मी शाळेत चित्रकला शिकवणारी बाई! एकदा कुणीतरी चुगली केली आणि जमादार दारात उभे राहिले. "हे काय हाय वसंतराव?" दादा शांतपणे म्हणाला, "जांभळाचं आसव. मधुमेहावर उत्तम." जमादारांना मधुमेह होताच. त्यांनी वाटीभर घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "गुण हाय याला." तेव्हापासून त्यांचा मधुमेह दर महिन्याला बळावायचा.

पण नुसती वाइन करून थांबला असता तर तो दादा कसला? त्याला दुसरा एक नाद होता. इथं आधी कोण आलं, रान कुणी तोडलं, पहिला बांध कुणी घातला, हे म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत फिरायचं. आणि त्या माणसांची नावं आपल्या वाइनला द्यायची. बाटलीवरची चिठ्ठी रंगवायचं काम माझं. त्याचे नियम दोन. नाव मेलेल्या माणसाचंच द्यायचं, कारण "जिवंत माणूस अजून बिघडू शकतो." आणि वाइन बिघडली तर तिला कुणाचंच नाव नाही.

पहिलं नाव गोमा पाटलाचं. त्याला म्हणे जहागीरदारानं सांगितलं, हंडीतला भात शिजेपर्यंत धावशील तेवढी जमीन तुझी. गोमा धावत सुटला, आणि चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोनं गुपचूप ओली लाकडं सारली. दुपार कलली तरी भात शिजेना! एवढी जमीन मिळाली की आजतागायत पाटलांच्या भावकीला पुरून उरलीय. मी चिठ्ठीवर धावणारा गोमा आणि धुरात बसलेली बायको काढली. फार छान झाली होती, माझ्या तोंडानं सांगते. पण गोमाचा नातू भाऊ पाटील तणतणत आला. "मास्तरीणबाई, आमच्या आज्याचं नाव दारूच्या बाटलीवर? लाज नाय वाटत?" दादानं समजूत घालायला म्हटलं, "बरं, आजीचं लावतो. खरी अक्कल तिचीच होती." झालं! आगीतून फुफाट्यात. त्या संध्याकाळी दादानं त्या सगळ्या बाटल्या माडाच्या बुंध्यात रित्या केल्या. चांगली, झोपलेली वाइन. रात्री जेवला नाही.

ठाकरवाडीत मात्र उलटं झालं. कमळीची पणजी राही, घाटातून टोपल्या घेऊन स्टेशनावर पहिली करवंदं विकायला आलेली बाई. टोपलीतून फुकट मूठभर उचलणाऱ्या गोऱ्या गार्डाच्या हातावर तिनं कोयत्याचा दांडा हाणला होता म्हणे. करवंदाच्या वाइनला दादानं तिचं नाव दिलं, आणि भीतभीत कमळीला बाटली दाखवली. कमळीनं बूच काढून पहिली धार भुईवर सोडली. "आधी तिला. मंग तुमी आमी," एवढंच बोलली. दादा ते कितीतरी दिवस सांगत होता.

पुढं बंदी सैल झाली आणि दादाला वाटलं, आपले दिवस आले. कुंभिवलीच्या हायवेवरचा एक हॉटेलवाला तयार होता. "परवाना आना, फळीवर पहिली तुमची बाटली ठेवतो." दादाची एवढीच इच्छा होती. पैसा नको होता त्याला. इथल्या माणसांची नावं घेऊन एक बाटली उजेडात, चारचौघांसमोर उभी राहावी, बस्स. तो कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. "कारखाना कुठंय?" "मागच्या खोलीत." "कामगार किती?" "एक बहीण. तीही पीत नाही." साहेब हसायचे, याला परत पाठवायचे. पुढल्या जूनमध्ये जांभळं पिकायची, आणि ती काही कागदासाठी थांबत नाहीत. केस पांढरे झाले, निवृत्त झाला, परवाना आला नाही. त्याला हताश होताना मी बघत होते, आणि चिठ्ठ्या रंगवण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं.

हो, मी पीत नव्हते. दर वर्षी तो चमचा पुढं करायचा, "शके, जिभेला तरी लाव." मी म्हणायची, "तुझ्या तेराव्याला लावीन." तो खदखदून हसायचा. "तोवर चांगली मुरलेली असेल!"

तेराव्याला माणसं जेवून गेली. मागं राहिले जमादार आणि भाऊ पाटील. भाऊ आता स्वतःच आजोबा झालाय. चाचरत म्हणाला, "ताई, आमच्या आज्याच्या नावाची एखादी बाटली हाय का वं? नातवाला दाखवायची व्हती." मी माडाकडं बोट दाखवलं. दुसरं काय करणार? त्यानं मान खाली घातली आणि चप्पल घालून निघून गेला.

मग मी जमादारांना मागच्या खोलीत नेलं, झटक्याआधी दादानं भरलेल्या त्या बरणीपाशी. दादाचा नियम मला पाठ होता. तो आता मेलेल्या माणसांत जमा झाला, म्हणजे त्याचं नाव द्यायला हरकत नाही. चिठ्ठी मी रंगवून ठेवलीय, बरणीला कान लावून बसलेला दादा. पण बरणी झोपली असेल तरच ती लावायची. जमादारांनी चमचाभर घेतली आणि म्हणाले, "झकास हाय." पण जमादार खोकल्याच्या औषधालाही झकास म्हणतात. कमळी मागाहून आली, तिला दिली. तिनं आधी भुईवर धार सोडली, मग चाखली आणि डोळे पुसत म्हणाली, "आमाला काय ठावं बाय? त्येंचं त्येंनाच."

सगळे गेल्यावर मी दार लोटलं, बरणीला कान लावला. काहीच नाही. चमचा बुडवला आणि जन्मात पहिल्यांदा तोंडात घेतला. आंबट लागली. तुरट लागली. घसा जरा जळला. डोळे मिटून बसले, अगदी तो बसायचा तशी. बिघडली म्हणून आंबट आहे, की अशीच असते? चांगली कशी लागते तेच मला माहीत नाही, तर वाईट कशी ओळखू? माझ्या हातून त्याचं नाव वाईट वाइनला लागायला नको, आणि चांगली असली तर ती बिननावाची राहायला नको. विचारायचं तरी कुणाला... जो सांगू शकला असता, त्यानं शेवटपर्यंत सांगायचा प्रयत्न केला होता, आणि मला ते कळलं नव्हतं.

चिठ्ठी अजून टेबलावर पडून आहे, डिंकाची बाटली तिच्याशेजारी. त्या दिवशी खोलीतून बाहेर येताना भिंतीवरच्या आरशात, दादा दाढी करायचा त्या आरशात, मी जीभ काढून बघितली. जांभळी झाली होती. चांगली गडद झाली होती. या खेपेला मी जिंकले असते.